मठ्ठ्याशिवाय जिलबी?

अण्णांनी घड हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि मालकीणबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेतानं मला विचारलं, "अगं, बाग सोडून दिलीय का यांनी?" मालकीणबाईंना मराठी येत नाही, हे त्या क्षणी ते विसरले होते.

प्रश्न रास्तच होता. घडातले निम्मे मणी जांभळट तपकिरी पडून सुरकुतले होते. त्यांच्यावर राखेसारखी बुरशी बसली होती. उरलेल्यांतले काही सोनेरी, काहींवर नुकते डाग उमटलेले. निफाड तालुक्यात चाळीस वर्षं द्राक्षं पिकवलेल्या माणसाला असा घड म्हणजे चुकलेली फवारणी आणि बुडालेलं वर्ष दिसणार. मालकीणबाई मात्र खुशीत होत्या. घडातला दिसायला सगळ्यांत वाईट मणी तोडून त्यांनी अण्णांच्या तळहातावर ठेवला आणि खायची खूण केली.

अण्णांनी आधी खिशातून रिफ्रॅक्टोमीटर काढला. ऑक्टोबरची गोडी छाटणी भावाच्या अंगावर टाकून ते पंधरा दिवसांसाठी माझ्याकडे बोर्दोला आले होते. पण रसातली साखर मोजायची ही नळी खिशात नसली तर त्यांना चष्मा विसरल्यासारखं होतं. त्यांनी मणी चिरडला. पाणीदार रस निघालाच नाही, जामसारखं काहीतरी काचेवर पसरलं. नळी उजेडाकडे धरून ते बघत राहिले. एरवी वर निळं, खाली पांढरं आणि मधली रेषा जिथे असेल तो ब्रिक्स. इथे रेषाच नव्हती. पट्टी बत्तीसपर्यंत, आणि सगळं पांढरं. साखर मापाबाहेर गेली होती.

मग त्यांनी मणी तोंडात टाकला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. "बेदाणाच," ते म्हणाले, "पण बेदाण्याला असा आंबटपणा राहत नाही."

सोतेर्न नावाच्या गोड पांढऱ्या वाइनबद्दल मी गेल्या नऊ वर्षांत बरंच ऐकलंय. पण अण्णांचं हे वाक्य त्या सगळ्यापेक्षा नेमकं होतं, आणि या वाइनची चव कशी घ्यायची, तिच्याबरोबर काय खायचं, हे सगळं त्याच एका वाक्यातून निघतं.

धुकं हवंय, पण दुपारपर्यंतच

सोतेर्न हे गावाचं नाव आणि वाइनचंही. बोर्दो शहरापासून आग्नेयेला साधारण ४० किलोमीटरवर, गारोन नदीच्या डाव्या काठाला सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक अशी पाच गावं आहेत. सोतेर्न हे नाव फक्त या पाच गावांच्या शिवारातल्या गोड पांढऱ्या वाइनला लावता येतं. बार्साककरांना मुभा आहे: बाटलीवर सोतेर्न लिहा, नाहीतर बार्साक.

या शिवाराची किमया एका लहानशा नदीत आहे. सिरों तिचं नाव. ती लांदच्या जंगलातून सावलीसावलीनं येते, म्हणून तिचं पाणी गार. गारोनचं पाणी त्या मानानं कोमट. शरद ऋतूत दोन्ही पाणी भेटतात तिथे पहाटे धुकं उठतं आणि बागांवर बसतं. दुपारी ऊन पडलं की ते विरतं. सकाळचा ओलावा आणि दुपारचा कोरडेपणा अशी पाळी लागली, की द्राक्षांवर बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी धरते.

हीच बुरशी सतत पाऊस असला तर करडी कूज होते आणि पीक घेऊन जाते. पण पिकलेल्या मण्यावर, योग्य ओलाव्यात धरली आणि दुपारी वाळत गेली, तर तिचे तंतू सालीतून आत शिरतात, सालीला बारीक छिद्रं पडतात आणि आतलं पाणी उडू लागतं. मणी आक्रसतो. साखर दाटते, तसा आंबटपणाही दाटतो. शिवाय बुरशी स्वतःच्या कामातून ग्लिसरॉल तयार करते, त्यानं रसाला तुकतुकीत दाटपणा येतो. फ्रेंच लोक याला 'पुरित्यूर नोब्ल' म्हणतात, म्हणजे खानदानी कूज. पुरता आटलेला मणी त्यांच्या बोलीत 'रोती' होतो, म्हणजे भाजलेला.

अण्णांना हे सांगताना माझीच पंचाईत झाली. त्यांचा सगळा जन्म भुरी, डाऊनी आणि घडकूज यांच्याशी भांडण्यात गेला. दव पडलं की आमच्या घरात झोप नसायची. आणि इथे धुक्याची वाट बघणारे बागायतदार. "धुकं पडलं नाही तर?" त्यांनी विचारलं. तर वाइन साधी होते. "आणि धुकं हटलंच नाही तर?" तर होतच नाही. शातो दिकेम हे सोतेर्नमधलं सगळ्यांत मानाचं नाव. त्यांनी १९९२ आणि २०१२ या वर्षांची वाइन आपल्या नावानं काढलीच नाही. अण्णांनी मान हलवली. निसर्गापुढे हात टेकलेला शेतकरी त्यांना कुठल्याही भाषेत ओळखू येतो.

कापसासारख्या वेचण्या

बुरशी काही वेळापत्रक पाळत नाही. एकाच घडात आज पाच मणी तयार, आणखी दहा मणी आठवड्याभरानं, बाकीचे कधी तरी. त्यामुळे सप्टेंबर ते नोव्हेंबरदरम्यान माणसं त्याच ओळीतून तीन-चार वेळा, कधी सहा वेळाही फिरतात. बारीक कात्रीनं तेवढाच भाग कापायचा, बाकीचा वेलीवर ठेवायचा. "म्हणजे कापसासारख्या वेचण्या," अण्णा म्हणाले.

मग त्यांनी एकरी हिशेब विचारला. सोतेर्नला कायद्यानं हेक्टरी २५ हेक्टोलिटरची मर्यादा आहे, म्हणजे एकरी हजार लिटरच्या आसपास. दिकेमचं उत्पादन तर हेक्टरी साधारण ९ हेक्टोलिटर. तिथे म्हणतात, एका वेलीला एक पेला. अण्णांनी मनातल्या मनात एकरी टनांचा भागाकार केला असावा, कारण बाटलीच्या किमतीबद्दल त्यांनी नंतर काही विचारलं नाही.

घट्ट रस सावकाश दाबून काढतात आणि आंबवतात. रसात लिटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास साखर असते. यीस्ट ती खात खात मद्यार्क तयार करतं, पण १३-१४ टक्क्यांच्या पुढे त्याचाच दम संपतो. उरलेली साखर वाइनमध्ये राहते, लिटरला साधारण १२० ते १५० ग्रॅम. कोल्यात लिटरला १०५ ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे सोतेर्न कोल्याहून गोड! मग ओकच्या पिंपात दीड-दोन वर्षं किंवा जास्त मुक्काम.

द्राक्षं तीन जातींची. मुख्य सेमियों, कारण पातळ सालीमुळे बुरशी तिच्यावर सहज धरते. आंबटपणा आणि तजेल्यासाठी सोविन्यों ब्लाँ. आणि वासासाठी, फोडणीत हिंग टाकावा इतकीच, म्युस्कादेल.

नावलौकिक जुना आहे. अमेरिकेचे थॉमस जेफरसन १७८७ मध्ये बोर्दोला आले होते. पुढे त्यांनी दिकेमची वाइन स्वतःसाठी मागवली आणि जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठीही. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची प्रतवारी झाली, तेव्हा तांबड्या वाइनबरोबर सोतेर्न-बार्साकच्या गोड वाइनचीही यादी केली गेली. तिच्यात दिकेमसाठी पहिल्या वर्गाच्याही वर एक वेगळी पायरी ठेवली आणि त्या पायरीवर दुसऱ्या कोणालाही बसवलं नाही.

तोंडाला पाणी सुटलं पाहिजे

आता पेल्याकडे येऊ. सोतेर्न थंड हवी, पण बर्फगार नको. फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवली की दहा-बारा अंशांवर येते. अति थंड वाइनला वास राहत नाही, कोमट वाइन पाकासारखी लागते. पेला लहान, तोंडाशी निमुळता. ओतायची ती साठ-सत्तर मिलिलिटर, वाटीभर पुरणाला जेवढी धार घालतो तेवढी. म्हणूनच या वाइनच्या ३७५ मिलिलिटरच्या अर्ध्या बाटल्या सर्रास मिळतात. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. साखरेमुळे आठवडाभर सहज टिकते.

आधी रंग पाहा. तरुण वाइन गवती सोनेरी. वय वाढेल तशी पितळेकडे, मग काढ्याच्या रंगाकडे जाते. पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरला की कडेचा रंग कळतो. मग वास. तरुण वाइनमध्ये जर्दाळू, मध, संत्र्याची साल, कधी अननस. जुन्या वाइनमध्ये केशर, अक्रोड, जळती साखर. यादी पाठ करू नका. पहिल्या वासाला स्वयंपाकघरातलं जे आठवेल तेच बरोबर.

मग एक छोटा घोट. इथे घाई करायची नाही. पहिला येतो तो गोडवा, आणि बरेच जण तिथेच निकाल देऊन मोकळे होतात: "फारच गोड बुवा!" घोट तोंडात फिरवा, गिळा आणि दहापर्यंत मोजा. चांगली सोतेर्न असेल तर तोवर जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं. तो आंबटपणा. कच्च्या कैरीचं नाव काढल्यावर सुटतं तेच पाणी. साखरेनं तोंड मिठ्ठ होऊन नुसतं चिकट राहिलं, तर वाइन सुमार. तोंडाला पाणी सुटून पुढचा घोट हवासा वाटला, तर वाइन खरी. अण्णा बागेत जे म्हणाले ते हेच: बेदाण्याला आंबटपणा राहत नाही, याला राहिलाय.

ताटात कुठे वाढायची?

गोड वाइन म्हटल्यावर ती जेवणानंतर, केक-पेस्ट्रीबरोबर, असं पुष्कळ जण धरून चालतात. मीही तसंच धरलं होतं. पहिल्या वर्षी ऑफिसातल्या मंडळींना घरी बोलावलं तेव्हा गुलाबजाम केले आणि सोबत सोतेर्न ठेवली. गुलाबजामनं वाइनचं पाणी केलं. तिच्यातला गोडवा पुसला गेला आणि मागे उरलं ते कडसर, आंबट काहीतरी. लोक सभ्य होते. पेले अर्धे राहिले.

खुद्द बोर्दोतले लोक मात्र ही वाइन जेवणाच्या सुरुवातीला फ्वा ग्राबरोबर घेतात, नाहीतर शेवटी रोकफोर चीजबरोबर. फ्वा ग्रा म्हणजे बदकाचं किंवा हंसाचं मुद्दाम चरबाळवलेलं यकृत. पक्ष्यांना नळीनं खायला घालायची ती रीत मला पटत नाही, म्हणून मी ते खात नाही. पण जोडी का जमते ते कळतं. स्निग्धाला आंबट कापतं आणि मिठाला गोड उठाव देतं. रोकफोरमध्ये हे आणखी उघड दिसतं. मेंढीच्या दुधाचं, निळ्या शिरांचं, खारट, तिखट वासाचं चीज. त्याच्या शिराही बुरशीच्या, पेनिसिलियम रोकफोर्टीच्या. एका बुरशीनं दुधाचं सोनं केलं, दुसरीनं द्राक्षाचं. शाकाहारी वाचकांसाठी एक सूचना: रोकफोर कोकराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात. ते चालत नसेल तर वनस्पतिज रेनेटचं निळं चीज शोधावं. इथले बागायतदार घरी भाजलेली कोंबडी आणि सोतेर्न असंही जेवतात. खरपूस साल, थोडं मीठ, बास.

हे ऐकून फ्रान्सबाहेरची माणसं बुचकळ्यात पडतात. मराठी माणसानं पडायचं कारण नाही. आपल्या ताटात गोड शेवटी येत नाही, शेजारी येतं. पुरणपोळीच्या बाजूला कटाची आमटी, श्रीखंडपुरीच्या बाजूला बटाट्याची भाजी आणि लिंबाची फोड, जिलबीला मठ्ठा. गोडाचा घास, मग आंबट-तिखटाचा, मग पुन्हा गोड. मठ्ठा नसेल तर चौथी जिलबी कोण खाईल? सोतेर्नला जिलबीच्या जागी ठेवा आणि तिच्यासाठी मठ्ठा शोधा. जोडीचा सगळा विचार एवढ्यात येतो.

यंदा अण्णांच्या मुक्कामात दिवाळी आली. शेजारचं फ्रेंच जोडपं फराळाला आलं आणि मी ताटलीवार प्रयोग करून पाहिला. पहिली आली भाजणीची चकली. तीळ, ओवा, तिखट, तेल आणि मीठ सगळं एकाच वेढ्यात. चकलीचा तुकडा, मग घोट: तिखट निवलं आणि वाइनमधला जर्दाळू एकदम पुढे आला. शेजारीणबाईंनी तिसरी चकली उचलली तेव्हा मी समजले. चिवड्यातला भाजलेला काजू आणि खोबऱ्याचे काप छान जमले, कढीपत्त्याचं पान मात्र वासानं वाइनवर चढून बसलं. कोथिंबीर वडी गरम असेपर्यंत चांगली. शंकरपाळे बेताचे गोड केले होते, म्हणून निभावले. बेसनाच्या लाडवापुढे वाइन गुलाबजामसारखीच हरली.

यातून नियम दोनच निघतात. एक, गोड पदार्थ ठेवायचाच तर तो वाइनहून कमी गोड हवा: जर्दाळूचं किंवा सफरचंदाचं टार्ट, साखर कमी घातलेलं. आमरस, बासुंदी, पेढा यांना तिच्यापासून लांब ठेवा. दोन, खारट, स्निग्ध आणि बेताचं तिखट तिला मानवतं. झणझणीत मानवत नाही, कारण मिरचीची आग मद्यार्कानं वाढते. नारळाच्या दुधातली थाई करी चालते, तांबडा रस्सा नाही.

सोतेर्न महाग वाटली तर नदी ओलांडा. गारोनच्या उजव्या काठावर लूपियाक, कादियाक आणि सांत-क्रुआ-द्यु-माँ इथे त्याच धाटणीची गोड वाइन बरीच स्वस्त मिळते. महाराष्ट्रात राहून प्रयोग करायचा तर सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ घ्या. ती नावाप्रमाणे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. सोतेर्नचा बुरशीचा दर्प तिच्यात शोधू नका, पण चकलीचा प्रयोग तिच्यावरही करून पाहता येतो.

डबा उघडल्यासारखं

अण्णा माळकरी आहेत. फराळाच्या त्या संध्याकाळी त्यांच्यापुढे कोकम सरबत होतं. पण २००१ सालची बार्साकची अर्धी बाटली उघडली, रंग पार जुन्या मधासारखा, तेव्हा ते म्हणाले, "वास घ्यायला काही हरकत नाही." पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, पुन्हा धरला.

"मेथी आहे यात," ते म्हणाले. "तुपात परतलेली. थंडीत तुझ्या आईचा मेथीच्या लाडवांचा डबा उघडला की येतो, तो वास."

मी हसले. शेजारी मात्र हसले नाहीत, त्यांनी पेले पुन्हा नाकाशी नेले. नंतर शोधून पाहिलं तर अण्णाच बरोबर निघाले. सोटोलोन नावाचं एक संयुग आहे. मेथीदाण्याचा खास वास मुख्यतः त्याचाच. खानदानी कुजीच्या द्राक्षांच्या वाइनमध्येही ते सापडतं आणि वाइन मुरत जाते तसं ते जाणवू लागतं. थोडं असेल तर जळत्या साखरेसारखं वाटतं, जास्त असेल तर मेथीसारखं. वाइनची पुस्तकं त्याला कॅरामेल म्हणतात. थेंबही न चाखता अण्णांनी त्याचं खरं नाव सांगितलं, कारण त्यांच्या घरात तो डबा होता.

दुसऱ्या दिवशी मी मेथीचे दाणे भिजवून, वाटून, कमी गूळ घालून छोट्या वड्या केल्या. कडू, स्निग्ध, जेमतेम गोड. उरलेल्या बाटलीबरोबर त्या दिवाळीतली सगळ्यांत चांगली जोडी तीच ठरली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "कडू लाडू आवडणारं कोणीतरी भेटलं म्हणायचं."

नोव्हेंबरच्या शेवटी अण्णांचा फोन आला. ते निफाडला परतून महिना होत आला होता. "मालकीणबाईंची शेवटची वेचणी झाली का?"

"झाली. म्हणाल्या, यंदा धुकं चांगलं पडलं."

पलीकडून पंपाचा आवाज येत होता. "आमच्याकडेही तीन दिवस पडतंय," अण्णा म्हणाले. "पावडर मारतोय. ठेवतो."